बेगमी आणि योगक्षेम

वैशाख सरत आला की कोकणातल्या माझ्या आजोळी एक निराळीच धांदल सुरू होत असे, आणि तिला घरातली सगळी माणसे 'आगोटीची बेगमी' म्हणत. पडवीत लाकूडफाटा छपरापर्यंत रचला जाई, मिठाची मडकी तोंडाला फडके बांधून चुलीच्या उबेला नेऊन ठेवली जात, कडवे वाल राखेत घोळवून कणगीत पडत, आणि चिंचेचे गोळे, आमसुले, मिरच्या, गूळ, रॉकेलचा डबा असा एकेक जिन्नस आजी बोटांवर मोजून घेई. कारण एकदा मृगाचा पाऊस धरला, खाडीच्या तोंडाशी समुद्र उसळू लागला, मुंबईची आगबोट थांबली आणि गलबते झापांनी शाकारून किनाऱ्यावर ओढून ठेवली गेली, की नारळी पौर्णिमेपर्यंत बाहेरच्या जगातून त्या गावात फारसे काही येण्याची आशा नसे. 'बंदर बंद झालं की प्रत्यक्ष देवसुद्धा मुंबईहून गुळाची ढेप आणून देणार नाही,' असे आजी म्हणे. आणि तीच आजी तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लावताना, धाकट्या मामाची नोकरी सुटल्याचे पत्र आले त्या दिवशीसुद्धा, 'त्याला काळजी आहे, आपण कशाला करायची?' असे तितक्याच निश्चयाने म्हणे. या दोन वाक्यांत काही विसंगती आहे अशी शंका तिला जन्मभर आली नाही. मला ती उत्तरवयात छळू लागली, आणि तिचे निमित्त एका बेअरिंगचे झाले.

ते निमित्त सांगण्यापूर्वी शब्दाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. 'बेगमी' हा शब्द मोठा विचार करण्याजोगा आहे. फारसीत गम म्हणजे दुःख, चिंता. तिचा अभाव ती बेगमी. जो शब्द मुळात मनाच्या एका अवस्थेचा वाचक होता, तो मराठीत येऊन मिठाच्या मडक्यांचा आणि लाकडांच्या राशींचा वाचक झाला. साठा केला की चिंता जाते, हे जणू भाषेनेच गृहीत धरून टाकले. गीता मात्र दुसऱ्याच अध्यायात अर्जुनाला 'निर्योगक्षेम' व्हायला सांगते. न मिळालेले मिळवणे हा योग, मिळालेले राखणे हा क्षेम, आणि या दोहोंची विवंचना टाकून दे, असा त्या शब्दाचा आशय आहे. फारसी शब्द म्हणतो की आधी साठव, म्हणजे निश्चिंत होशील. संस्कृत शब्द म्हणतो की साठ्याची विवंचनाच टाक. आमच्या घरात हे दोन्ही शब्द एकाच छपराखाली नांदत होते.

आता ते निमित्त. कोल्हापुरात शेतीच्या पंपांचे सुटे भाग करणारे माझे एक तरुण स्नेही आहेत. ओतकाम गावातच होते, कामगार पंचक्रोशीतलेच आहेत. परंतु पंपाच्या पोटात जे बेअरिंग बसते ते परदेशातून येते. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, पुढल्या वर्षी मार्चच्या २३ तारखेला 'एव्हर गिव्हन' नावाचे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझच्या कालव्यात आडवे रुतून सहा दिवस जगाचा एक मोठा राजमार्ग अडवून बसले, कंटेनर मिळेनात, मिळाले तर भाडे परवडेना. आणि ज्या कारखान्यात पंधरा दिवसांचा माल शिल्लक असणे हीच आजवर सुव्यवस्थेची खूण मानली जात होती, तेथे पंधरा दिवसांनी काय, हा प्रश्न उभा राहिला. या गृहस्थांनी कर्ज काढले, चढ्या भावाने बाजारातली असतील नसतील तेवढी बेअरिंगे विकत घेतली आणि नऊ महिन्यांची बेगमी केली. त्यांचा कारखाना एक दिवसही बंद पडला नाही. पण त्यांच्याच रस्त्यावर सात कामगारांचे एक लहान वर्कशॉप होते; त्याला बाजारात बेअरिंग मिळेना, आणि ते बंद पडले. 'काका,' ते मला म्हणाले, 'माझे हिशेबनीस म्हणतात, याला दूरदृष्टी म्हणतात. मला झोप येत नाही. हे शहाणपण की पाप, तेवढं सांगा.'

बेगमी करूनही ज्याला गम सुटला नाही असा हा माणूस पाहून मी ग्रंथांकडे वळलो. आणि पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा विचार आपण समजतो त्याहून पुष्कळच बारकाईने केला होता.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थ ब्राह्मणाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. ज्याच्याकडे कोठार भरून धान्य आहे तो कुसूलधान्यक, मडके भरून आहे तो कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरते आहे तो त्र्यहैहिक, आणि उद्याचेही नाही तो अश्वस्तनिक. आणि यांत पुढचा पुढचा अधिक श्रेष्ठ. कोठार म्हणजे नेमके किती दिवसांचे, यावर टीकाकारांनी खल केला आहे, तो आपल्याला सोडून देता येईल. उद्याची सोय ज्याच्याजवळ नाही तो सर्वांत वरचा, हा निर्णय मात्र निःसंदिग्ध आहे. एवढेच वाचून पुस्तक मिटले तर माझ्या स्नेह्यांना बेअरिंगांची खोकी पंचगंगेत बुडवण्याचाच सल्ला द्यावा लागेल. परंतु त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात सोमयाग कोणी करावा हे सांगताना असा नियम येतो, की ज्याच्याजवळ आपल्या आश्रितांच्या पोषणासाठी तीन वर्षे पुरेल इतके अन्न आहे त्यानेच सोमपान करावे. त्याहून कमी असताना जो करील त्याला त्या यागाचे फळ मिळणार नाही. चौथ्या अध्यायातला श्रेष्ठ पुरुष उद्याचा दाणा जवळ बाळगीत नाही, आणि अकराव्या अध्यायातला यजमान तीन वर्षांचे धान्य असल्याखेरीज यज्ञाला बसू शकत नाही. या दोन्हींची संगती एका शब्दाने लागते, आणि तो शब्द 'भृत्य' हा आहे. ज्यांचे भरण आपल्यावर अवलंबून आहे ते भृत्य. स्वतःपुरता माणूस अश्वस्तनिक होऊ शकतो. दुसऱ्याचे पोट ज्याच्या हातात आहे त्याने त्या पोटाच्या वतीने अश्वस्तनिक होण्याला पुण्य म्हणता येत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. अश्वस्तनिकाचा एक अर्वाचीन अवतार जपानात झाला. टोयोटा कंपनीत टायइची ओनो या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत जी पद्धती उभी केली, तिचे मर्म असे की सुटा भाग नेमका लागेल तेव्हा, लागेल तितकाच यावा. गोदामात पडून राहिलेला माल हा संपत्तीचा अपव्यय होय. पुढे सर्व जगाने तिचे अनुकरण केले आणि गोदाम बाळगणे हे गबाळेपणाचे लक्षण ठरले. आता १ फेब्रुवारी १९९७ रोजी काय झाले ते पाहा. करिया येथे आइसिन सेइकी या कंपनीच्या कारखान्यास आग लागली. ब्रेकच्या दाबाचे नियमन करणारी एक मुठीत मावणारी झडप तेथे तयार होई, आणि टोयोटाला ती जवळजवळ सगळीच्या सगळी तेथूनच मिळे. शिल्लक साठा फार तर दोन-तीन दिवसांचा होता. तेवढ्या एका झडपेपायी जपानातील टोयोटाचे बहुतेक सर्व कारखाने ठप्प झाले. पण पुढचा भाग अधिक विस्मयकारक आहे. आइसिनने झडपेचे नकाशे सर्वांपुढे उघडे करून टाकले, आणि सुमारे दोनशे लहानमोठे कारखाने, ज्यांतल्या पुष्कळांनी ती झडप जन्मात केली नव्हती, शिलाईयंत्रे करणारा एक कारखानासुद्धा त्यांत होता, मोबदल्याची घासाघीस न करता कामाला लागले. आठवड्याच्या आत-बाहेर गाडी पुन्हा रुळावर आली. एरवी व्यवस्थाशास्त्राचे अध्यापक हा प्रसंग साठ्याचे महत्त्व सांगण्यासाठी वापरतात. मला त्यात एक निराळीच गोष्ट दिसते. ज्याच्या घरी कणगी नव्हती त्याला दोनशे घरांतून माधुकरी मिळाली.

माधुकरीचा विषय निघाला म्हणून आठवले. आमच्या विद्यार्थिदशेत वार लावून जेवणारी, झोळी घेऊन पाच घरे फिरणारी मुले मी पाहिली आहेत. माधुकऱ्याला उद्याची फिकीर नसे याचे आपण कौतुक करतो. पण त्याची ती बेफिकिरी कोणाच्या जिवावर उभी असते? ज्या घरच्या गृहिणीने उन्हाळ्यात गहू वाळवून, लिंबाचा पाला घालून कोठी भरून ठेवली, तिच्या जिवावर. इतर तिन्ही आश्रम गृहस्थाच्या अन्नावर जगतात म्हणून गृहस्थाश्रमाला ज्येष्ठ म्हणावे, हे मनूने तिसऱ्या अध्यायात सांगितलेच आहे. कुसूलधान्यकाला त्याने सर्वांत खालची पायरी दिली खरी, परंतु वरच्या तिन्ही पायऱ्या त्याच पायरीवर टेकलेल्या आहेत, याकडे वैराग्याची प्रवचने करणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. टोयोटाचे 'आमच्याकडे साठा नाही' हे वचनही पुष्कळदा असेच असते. साठा असतो, तो फक्त दुसऱ्याच्या, बहुधा आपल्याहून दुबळ्याच्या, गोदामात आणि दुसऱ्याच्या कर्जावर असतो. वैराग्याचे वेषांतर करून आलेली ही काटकसर मला तरी साधुत्वाची वाटत नाही.

ज्यांनी प्रामाणिकपणे साठा सोडला, त्यांचे त्या प्रश्नाने काय केले हे पाहणे अधिक बोधप्रद आहे. बौद्ध भिक्षूला शिजलेले अन्न रात्रभर ठेवण्याची मनाई होती. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे मात्र तो सात दिवसांपर्यंत ठेवू शके, कारण आजार भिक्षेच्या वेळेचा मुलाहिजा ठेवीत नाही. बुद्धाच्या निर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला जी दुसरी संगीती भरली, तिच्यापुढे आलेल्या दहा वादग्रस्त आचारांतला एक असा होता, की भिक्षूने शिंगात मीठ साठवून ठेवावे की नाही. चिमूटभर मिठासाठी संघाने पंच नेमावे याचे आज हसू येईल. मला येत नाही. आजीची मिठाची मडकी मी पाहिली आहेत. ज्याने आज शिंगभर मीठ ठेवले त्याला उद्या मडके लागेल आणि परवा त्या मडक्याला कुलूप लागेल, ही भीती त्या वृद्ध भिक्षूंना वाटली असेल तर ती अनाठायी नव्हती. जैनांनी या प्रश्नाची आणखी खोल चिकित्सा केली. त्यांचे श्रावक पिढ्यान् पिढ्या व्यापार करीत आले, तेव्हा वखार रिकामी ठेवा असे त्यांना सांगणे व्यर्थच होते. म्हणून गृहस्थाला परिग्रहाच्या परिमाणाचे व्रत दिले, म्हणजे आपली मर्यादा आपणच आधी ठरवून घ्यायची. आणि उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची जी व्याख्या केली तीत वस्तूचा उल्लेखच नाही. मूर्च्छा म्हणजे परिग्रह, असे ते म्हणतात. वस्तूपाशी मन भान हरपून पडते, तो परिग्रह. मग वस्तू मडक्यात असो, वखारीत असो, की अजून समुद्रावर असो.

यहुद्यांच्या निर्गमकथेत रानात आकाशातून पडलेल्या अन्नाचा प्रसंग आहे. रोज लागेल तेवढे वेचावे, उद्यासाठी ठेवू नये. ठेवले त्यांच्या भांड्यात सकाळी किडे पडले. मात्र विश्रांतिवाराच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचावे अशी आज्ञा होती, आणि त्या दिवशी ठेवलेले नासले नाही. पदार्थ एकच, भांडे एकच, रात्रही एकच; कशासाठी ठेवले एवढ्यानेच किडा पडायचा की नाही हे ठरले. यहुद्यांच्याच धर्मग्रंथात योसेफाची कथा आहे, तिची दुसरी बाजू प्रवचनांत क्वचितच सांगितली जाते. सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून त्याने दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगवले, हे प्रसिद्धच आहे. पण ते धान्य त्याने विकले. प्रथम लोकांचा पैसा संपला, मग गुरेढोरे गेली, मग जमिनी गेल्या, शेवटी लोकांनी स्वतःला फारोच्या दास्यात लिहून दिले, आणि सारी जमीन, पुरोहितांची तेवढी सोडून, खालसा झाली. दूरदृष्टी निर्दोष, हिशेब चोख, प्रजा जिवंत. आणि प्रजा गुलाम. ज्याच्या हाती संकटकाळचे कोठार असते त्याच्या हाती त्या काळापुरते ईश्वराचे सामर्थ्य असते, आणि ईश्वराचा स्वभाव सोबत आलेला नसतो.

आपल्याकडचे उदाहरण याहून विदारक आहे, आणि ते जुने नाही. १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेश घेऊन बंगालच्या वेशीवर आल्या, ब्रह्मी तांदळाची आवक तुटली, आणि शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांतला जादा तांदूळ उचलला व दहापेक्षा अधिक माणसे वाहणाऱ्या होड्या जप्त केल्या किंवा मोडल्या. जेथे नदी हाच रस्ता, तेथे होडी मोडणे म्हणजे बाजार मोडणे. त्याच वर्षी ऑगस्टात, सरकारच्या संमतीने, बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सने एक अन्नधान्य योजना आखली: युद्धोपयोगी कारखाने, गोद्या, रेल्वे, कचेऱ्या यांच्या नोकरवर्गाला धान्य अग्रक्रमाने मिळावे, म्हणजे महत्त्वाचे उद्योग अखंड चालू राहतील. आजच्या परिभाषेत हिला व्यवसायसातत्याची योजना म्हणतात, आणि योजना म्हणून ती सफल झाली. कारखाने चालू राहिले. पुढल्या वर्षी खेड्यांतले भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी कलकत्त्याच्या पदपथांवर पेजेचे पाणी मागत मेले. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे पंधरा लाख धरली. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज तिच्या दुपटीपर्यंत जातात. या अनर्थाला युद्ध, वादळ, भाववाढ, साठेबाजी, राज्यकर्त्यांची बेपर्वाई अशी अनेक कारणे होती, आणि सगळा दोष त्या एका योजनेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण तिचा मसुदा करणारे कोणी राक्षस नव्हते. ते आपल्या भृत्यांची काळजी घेणारे कर्तव्यदक्ष गृहस्थ होते, आणि आपले भृत्य कोण याची यादी त्यांनी आपल्या हजेरीपटावरून केली होती.

मनूच्या शब्दाने सुटलेला गुंता येथे पुन्हा बसतो. आश्रितांसाठी साठवावे, कबूल, आश्रित कोण? माझ्या स्नेह्यांच्या हजेरीपटावर चाळीस नावे होती, आणि शेजारचे सात जण त्यात नव्हते.

येथे मला शंकराचार्यांच्या भाष्यातल्या एका छोट्याशा जागेचा फार उपयोग झाला. गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्य भक्ताचा योगक्षेम मी वाहतो असे जे आश्वासन आहे, त्यावर आचार्य स्वतःच एक आक्षेप घेतात. इतर भक्तांचा योगक्षेमही भगवंतच वाहतो ना? मग या भक्ताचे वैशिष्ट्य ते काय? आणि उत्तर देतात की खरे आहे, वाहतोच. भेद इतकाच की इतर भक्त स्वतःसाठी, 'आत्मार्थ', योगक्षेमाची खटपट करतात आणि अनन्यदर्शी ती स्वतःसाठी करीत नाही. हा 'आत्मार्थ' शब्द आचार्यांच्या लेखणीतून सहज पडला नसावा. निर्योगक्षेम होणे म्हणजे योगक्षेमाची व्यवस्था बंद करणे, असा अर्थ आता करता येत नाही. व्यवस्था चालू राहील. तीतून 'मला' हे चतुर्थीचे पद तेवढे गळेल. लोकमान्यांनी ज्या शब्दावर आपल्या ग्रंथात एवढा भर दिला, त्या 'लोकसंग्रहा'कडे पाहा. अपरिग्रह आणि लोकसंग्रह एकाच 'ग्रह्' धातूची लेकरे आहेत. मूठ आवळणेही त्याच धातूने सांगतात आणि हात धरणेही.

आयुर्विमा महामंडळाची स्थापना १ सप्टेंबर १९५६ ला झाली, तेव्हापासून त्याच्या बोधचिन्हातल्या दोन हातांनी जपलेल्या दिव्याखाली गीतेतले तेच आश्वासन लिहिलेले आहे, आणि मुंबईतल्या मध्यवर्ती कचेरीच्या इमारतीचे नावही 'योगक्षेम' आहे. देवाचे वचन एका महामंडळाने हप्त्यांच्या बोलीवर उचलले, म्हणून पुष्कळांनी त्याची थट्टा केली आहे, आणि तारुण्यात मीही केली. आता करवत नाही. हजारो अनोळखी माणसांनी दरमहा थोडे थोडे टाकावे आणि त्यातून कोणा एका विधवेचे घर उभे राहावे, तर ते ओझे वाहणारे हात कोणाचे, या प्रश्नाला आजीने काय उत्तर दिले असते हे मला ठाऊक आहे.

कौटिल्य हा भक्त नव्हे. पण कोष्ठागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना तो म्हणतो की आलेल्या मालाचा अर्धा भाग जनपदावरील आपत्तीसाठी ठेवावा, अर्धा वापरावा, आणि जुन्याच्या जागी नवा भरत जावे. या नियमातली शेवटची अट मला विशेष वाटते. राखीव कोठार नुसते राखायचे नाही, ते फिरते ठेवायचे. पडून राहिलेल्या धान्याचे काय होते हे ज्यांनी पेव पाहिले आहे त्यांना विचारावे. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णाकाठच्या मातीत हळदीची पेवे होती. जमिनीच्या पोटात खोल, अरुंद तोंडाची, पोटाशी फुगीर. वर्षानुवर्षे माल सुरक्षित राही, कारण आत हवा खेळत नसे, आणि त्याच कारणाने पेव उघडताना घाई करणारा माणूस गुदमरून मरे. म्हणून तोंड उघडून काही वेळ तसेच ठेवीत, दिवा आत सोडून पाहत. दिवा विझला तर कोणी उतरायचे नाही.

आणि पेव केव्हा उघडायचे? भरण्याचे शास्त्र सर्वांनी लिहिले. उघडण्याचे एकट्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी आचरून दाखवले. बहामनी अमदानीतल्या या अंमलदाराने दुष्काळात सरकारी कोठारे, वरिष्ठांच्या हुकमावाचून, रयतेला मोकळी केली. अंमलदार म्हणून त्याची चूक निर्विवाद आहे. ते धान्य त्याचे नव्हते, ते फौजेच्या आणि दरबाराच्या सातत्याची तरतूद होते. आख्यायिका म्हणते की बेदरच्या बादशहाने त्याला पकडून आणवले, आणि तो वाटेत असतानाच विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष विठोबा दरबारात गेला व धान्याची किंमत मोजून पावती घेऊन आला. कीर्तनकार येथे देवाच्या वेषाचे रसाळ वर्णन करतात. माझे लक्ष मात्र दर वेळी त्या पावतीकडे जाते. ज्या लोकांनी ही कथा रचली त्यांना देवाकडून बादशहाचा नाश करवता आला असता, कोठार पुन्हा आपोआप भरवता आले असते. त्यांनी देवाला रोख रक्कम भरायला लावली आणि रसीद घ्यायला लावली. कोठार उघडणे हा धर्म, पण उघडलेल्या कोठाराचा हिशेब कोणीतरी चुकता केलाच पाहिजे, तो बुडवता येत नाही. दया आणि दफ्तर यांचे वैर नाही, ही मराठी मनाची समजूत मला फार परिपक्व वाटते. तुकोबांची गोष्टही अशीच सांगतात. दुष्काळात दुकान बुडाले, पत्नी गेली. पुढे घरातली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, पण सोडण्यापूर्वी निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हाती मोजून दिली. वैराग्य आपल्या वाट्यापुरते. भावाच्या योगक्षेमावर पाणी सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्या महावैष्णवाला नदीच्या काठावरही विसरता आले नाही.

हे सगळे मी कोल्हापूरच्या स्नेह्यांना एका सायंकाळी, बहुधा गरजेपेक्षा लांबवून, सांगितले. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, 'काका, मी मागच्याच आठवड्यात तीन खोकी त्यांच्याकडं पाठवून दिली. शास्त्र नंतर विचारावं म्हटलं.' शेजारचे वर्कशॉप सुरू झाले होते. दर काय लावला, असे मी विचारले, तेव्हा ते जरा ओशाळले. चढ्या भावाने घेतलेला माल जुन्या भावाने देणे परवडत नव्हते, नव्या भावाने देणे जिवावर आले होते, आणि दान म्हटले असते तर शेजाऱ्याने घेतले नसते. म्हणून 'उसने' म्हणून दिली. पुढे वर्षभराने शेजाऱ्याने तितकीच बेअरिंगे परत आणून दिली, पण ती निराळ्या मापाची होती, ज्यांचा यांना काही उपयोग नाही. ती अजून फळीवर पडून आहेत. साठ्याच्या वहीत त्या तीन खोक्यांपुढचा रकाना कोराच राहिला आहे, आणि दर एप्रिलमध्ये लेखापरीक्षक पेन्सिलीने त्यावर खूण करून विचारतात, हे नेमके कोणत्या खाती टाकायचे.